रूळ जागेवर, गाडी दिव्यात

कोकणात प्रवासी संघटनेची बैठक असो, गणपतीच्या तोंडावर द्यायचे निवेदन असो किंवा वर्तमानपत्रातला वाचकांचा पत्रव्यवहार, गेली काही वर्षे एक वाद हमखास निघतो. रत्नागिरी पॅसेंजर दादरला परत न्यायची की ठाण्याच्या पुढच्या दिवा स्थानकातच ठेवायची? एक बाजू म्हणते, आमची गाडी काढून उत्तरेकडच्या गाडीला फलाट दिला, हा मराठी माणसावरचा अन्याय आहे. दुसरी म्हणते, तेजस आली, वंदे भारत आली, महामार्ग होतो आहे, आता त्या रखडणाऱ्या गाडीसाठी किती रडायचे? दोघेही तावातावाने बोलतात आणि मूळ प्रश्न दोघांच्याही बोलण्यातून निसटतो. माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर वेळापत्रक आखताना सगळीकडे थांबणाऱ्या संथ गाडीची वाट सर्वांत आधी राखली पाहिजे आणि उरलेल्या वेळात बाकीच्या गाड्या बसवल्या पाहिजेत. आज क्रम उलटा आहे. लांबच्या आणि वेगाच्या गाड्या आधी बसतात, आणि फटीत जे उरेल ते पॅसेंजरच्या वाट्याला येते. दादर सुटले ते या उलट्या क्रमामुळे, आणि केवळ दादर परत मिळाल्याने तो क्रम सुलटा होणार नाही.

घडले काय, ते आधी नीट सांगायला हवे. मार्च २०२०च्या टाळेबंदीत देशभरच्या प्रवासी गाड्या थांबल्या. त्या टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू झाल्या तेव्हा अनेकींचे रूप पालटले होते. वर्षानुवर्षे दादरहून सुटणारी आणि दादरलाच परतणारी रत्नागिरी पॅसेंजर दिव्यापुरती झाली. दिवा–सावंतवाडी पॅसेंजरला एक्स्प्रेसचा क्रमांक मिळाला. चाल जवळपास तीच राहिली, भाडे मात्र एक्स्प्रेसचे लागले. देशभर साध्या गाड्यांचे किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेले होते, ते खाली यायला २०२४ साल उजाडावे लागले. साथीच्या दिवसांत लोकांनी हे सगळे तात्पुरते म्हणून मुकाट्याने सोसले. साथ गेली, मुखपट्ट्या गेल्या, पॅसेंजर दिव्यातच राहिली.

आता कोणी विचारील की याला मार्ग बंद होणे कसे म्हणायचे? विदर्भात मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी ‘शकुंतला’ थांबली, तेव्हा ते सर्वांच्या डोळ्यांसमोर घडले. गाडी यायचीच बंद झाली, तिच्या वाटेवरच्या गावांना निदान तसे ठामपणे म्हणता आले आणि ती पुन्हा सुरू करा अशी मागणी करता आली. कोकणात तसे काहीच दिसत नाही. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग जागच्या जागी आहे, २०२२मध्ये त्याचे विद्युतीकरण पूर्ण झाले, जून २०२३पासून त्यावर वंदे भारत धावते. मग बंद काय झाले? सापे वामने, करंजाडी, विन्हेरे, कळंबणी, अंजनी, कामथे, कडवई, उक्षी, भोके ही नावे वेगाच्या गाडीतल्या प्रवाशाला खिडकीतून धड वाचताही येत नाहीत. तिथल्या पंचक्रोशीत राहणाऱ्या माणसाची रेल्वे म्हणजे तिथे थांबणारी गाडी, एवढीच. त्या गाडीचे शेवटचे स्थानक बदलले, तिच्या वेळेचा भरवसा गेला, तिचे भाडे वाढले, की तेवढ्या अंशाने त्याच्यापुरता मार्ग बंद होतो. एकही रूळ न उखडता असा मार्ग बंद करता येतो, आणि म्हणूनच त्याविरुद्ध बोलणे अवघड जाते.

संगमेश्वर तालुक्यातल्या अशाच एका थांब्यावर मी मे महिन्यात पॅसेंजरची वाट पाहत बसलो होतो. फलाटावर सावली म्हणजे एक पत्र्याची शेड आणि तिच्या टोकाला उंडीचे एक झाड. एक आजी आमसुलांची पिशवी आणि गोणपाटात बांधलेला बरका फणस घेऊन बसल्या होत्या. फणसाचा चीक लागू नये म्हणून गोणपाटाखाली वर्तमानपत्र घातले होते. लांबून शिट्टी ऐकू आली, मी उठून उभा राहिलो. आजींनी मानही वळवली नाही. “बस रे बाबा, ती आपली नाय,” म्हणाल्या. गाडी धाडधाड निघून गेली, शेडचा पत्रा थरथरला, धुरळा खाली बसला. तासाभरात अशा दोन गाड्या गेल्या, आणि दोन्ही वेळा फलाटावरचे कुणीही जागचे हलले नाही. आपल्या अंगणातून जाणारी कुठली गाडी आपली आणि कुठली परकी, हे त्या माणसांना नुसत्या शिट्टीवरून कळते. या जाणतेपणाचे मला कौतुक वाटले, तसा रागही आला.

विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा लोकवस्तीचा आहे, आणि तो कुणी नीट मांडत नाही म्हणून मीच मांडतो. दादरची ओढ ही गिरणगावाच्या काळातली आहे. लालबाग, परळ, वरळी, प्रभादेवी येथील चाळींत चाकरमानी राहत होता तेव्हा दादर हे त्याचे स्थानक होते. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळींचे टॉवर झाले, आणि चाकरमान्याची पुढची पिढी डोंबिवली, दिवा, बदलापूर, नालासोपारा, विरार येथे गेली. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ज्या मोजक्या जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांत घटली, त्यांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग आहेत, तसा मुंबई शहर जिल्हाही आहे. म्हणजे कोकणातली माणसे गावातूनही उठली आणि गिरणगावातूनही उठली. मग गाडी दिव्याहून सुटणे हे आजच्या वस्तीला धरूनच नाही का?

डोंबिवलीकराच्या बाबतीत हे खरे आहे, आणि ते मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही. दिव्यातून गाडी पकडणे ज्यांना सोयीचे झाले आहे, असे माझेच नातेवाईक आहेत. पण दादरचे महत्त्व तिथे कोण राहते यावर कधीच अवलंबून नव्हते. पश्चिम आणि मध्य या दोन्ही उपनगरी मार्गांची गाठ दादरला पडते. विरारचा, वसईचा, बोरिवलीचा, अंधेरीचा माणूस एका लोकलने दादरला उतरतो आणि पूल ओलांडून कोकणच्या गाडीला लागतो. दिवा पश्चिम मार्गावर नाही. वसईहून दिव्याला जाणाऱ्या गाड्या आहेत, पण इतक्या मोजक्या की एक चुकली तर पुढचे सगळे गणित कोसळते. ऑगस्ट २०२४पासून वांद्र्याहून मडगावला वसईमार्गे गाडी सुरू झाली, तिचे स्वागतच आहे, पण ती आठवड्यातून दोनदा धावते आणि अंजनी–उक्षीच्या माणसाला तिचा उपयोग नाही. वस्ती पांगली तशी सर्वांना जोडणाऱ्या सांध्याची गरज वाढली. नेमक्या त्याच काळात सांधा काढून घेतला गेला.

आणि दिव्यात गाडी बदलणे म्हणजे काय, हे ज्याने बोजे घेऊन केले नाही त्याला समजावणे कठीण आहे. गावाहून येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही. तांदळाची गोणी, नारळ, कुळीथ, आमसुले, पोह्याचे पापड, पावसाळ्याच्या सुरुवातीला आंब्याची शेवटची पेटी. हे सगळे डोक्यावर घेऊन पुलाचे जिने चढायचे, दुसऱ्या बाजूला उतरायचे आणि गच्च भरून आलेल्या लोकलच्या दारात उभे राहायचे. धडधाकट माणूस ते करील. सत्तरीची बाई करील का? दिव्याच्या फाटकामुळे लोकलचे वेळापत्रक कसे कोलमडते, याच्या बातम्या दिवेकर वर्षानुवर्षे वाचत आला आहे. आधीच ताणलेल्या त्या स्थानकावर आपण कोकणचे ओझे आणखी टाकले, हे दादरच्या समर्थकांनीही फारसे लक्षात घेतलेले नाही.

आता गोरखपूरच्या वादाकडे येतो. पॅसेंजर दादरहून गेल्यानंतर दादरहून गोरखपूर आणि बलियाकडे विशेष गाड्या सुटू लागल्या, ही वस्तुस्थिती आहे, आणि त्यामुळे लोक चिडले हे समजण्यासारखे आहे. परंतु या चिडीला उत्तर प्रदेशच्या प्रवाशाकडे वळवणे हा या वादातला सर्वांत मोठा घोटाळा आहे असे मला वाटते. मुंबईत राबून गावाला पैसे पाठवणारा, वर्षातून एकदा सामानाने लादलेल्या डब्यात उभ्याने गावी जाणारा तो माणूस कोण आहे? आपला आजा शंभर वर्षांपूर्वी जो होता, तोच. पिशवीत गावच्या माणसांसाठी साबण आणि बिस्किटे घेऊन जाणारा चाकरमानी त्याच्याहून वेगळा नव्हता. त्याला शत्रू केल्याने एकच गोष्ट साधते: वेळापत्रक ज्यांनी आखले त्यांना कुणी प्रश्न विचारत नाही. समजा उद्या बलियाची गाडी दादरहून हलवून दुसरीकडे नेली. त्याने विन्हेऱ्याच्या प्रवाशाची गाडी वेळेवर येईल का? मुळीच नाही. भांडण फलाटाचे आहे असे भासते, आणि खरे दुखणे रोह्याच्या पलीकडे रुळांवर आहे.

ते दुखणे समजून घेतल्याशिवाय रेल्वेच्या बाजूचा दुसरा मोठा मुद्दा नीट तपासता येणार नाही. तो असा: दादर ते ठाणे या पट्ट्यात मार्गिका लोकलनी खचाखच भरल्या आहेत, तिथे उशिरा येणारी पॅसेंजर घुसवली तर शेकडो लोकलची साखळी बिघडते. ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२मध्ये सुरू झाली तरी कुर्ल्याच्या पुढे त्यांचे काम पूर्ण झालेले नाही. हे सगळे बरोबर आहे. लाखो उपनगरी प्रवाशांचा खोळंबा करून कोकणची गाडी चालवा असे म्हणण्याचा हक्क कुणालाच नाही. पण पॅसेंजर उशिरा का येते? कोकण रेल्वेवर रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा तुकडा २०२१मध्ये दुहेरी झाला. वीरच्या पुढे मार्ग एकेरी आहे. एकेरी मार्गावर दोन स्थानकांमधल्या भागात एका वेळी एकच गाडी असू शकते. समोरून दुसरी येत असेल तर एकीला स्थानकात बाजूच्या मार्गावर थांबवावे लागते. यालाच आपण क्रॉसिंगला टाकणे म्हणतो. आणि कोणाला थांबवायचे? राजधानीला नाही, वंदे भारतला नाही, जनशताब्दीला नाही. जिच्या उशिराबद्दल कुणी विचारणार नाही तिला. पॅसेंजर एकदा पंधरा मिनिटे मागे पडली की पुढची तिची प्रत्येक क्रॉसिंग चुकते, आणि खेडला पाऊण तास असलेला उशीर पनवेलला दोन तासांचा होतो. म्हणजे आपणच तिला प्रत्येक स्थानकात मागे ढकलायचे, आणि मग ती उशिरा येते म्हणून तिला शहराच्या वेशीवर अडवायचे. शाळेत जायच्या आधी पोराला चार घरचे पाणी भरायला लावावे आणि उशीर झाला म्हणून वर्गाबाहेर उभे करावे, त्यातलाच हा न्याय.

अर्थात, वेगाच्या गाड्यांना प्राधान्य देण्यामागे तर्क आहे. हजार-दीड हजार किलोमीटर जाणाऱ्या गाडीचा उशीर तीन-चार विभागांत पसरतो. पॅसेंजरचा उशीर तिच्यापुरता राहतो. रेल्वे चालवणाऱ्याने हा हिशेब मांडणे स्वाभाविक आहे. माझा आक्षेप हिशेबाला नाही, त्यात काय धरले आणि काय वगळले याला आहे. त्या हिशेबात गाडीची मिनिटे धरली जातात, माणसाची धरली जात नाहीत. वेगाच्या गाडीतला प्रवासी वीस मिनिटे उशिरा पोचला तर त्याचा संताप होतो. पॅसेंजरचा प्रवासी दोन तास उशिरा पोचला तर त्याची गावात जाणारी शेवटची एसटी जाते, आणि मग रात्री स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी जी घासाघीस होते तिच्यात बऱ्याचदा तिकिटाच्या कितीतरी पट पैसे जातात. काही वेळा ती रात्र फलाटावरच काढावी लागते.

तिसरा मुद्दा पैशांचा. प्रवासखर्चापैकी सरासरी ५७ टक्केच भाड्यातून वसूल होतो, असे रेल्वेने तिकिटावरच छापायला सुरुवात केली होती. संथ, साध्या गाड्यांचे भाडे तर त्याहून स्वस्त. कोकण रेल्वे महामंडळाचे तर बांधकामच मोठ्या प्रमाणावर कर्जरोखे काढून झालेले, त्याचे ओझे त्याने वर्षानुवर्षे वाहिले. अशा संस्थेने तोट्याची गाडी का चालवावी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हा मार्ग कशासाठी बांधला गेला यात आहे. १९९०मध्ये महामंडळ स्थापन झाले तेव्हा भांडवलात ५१ टक्के वाटा रेल्वेचा होता, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६. चार राज्यांनी पदरचे पैसे का घातले? मुंबईहून मंगळूरला वेगाने जाण्याची सोय हे एक कारण होते, परंतु बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते लोकसभेत वर्षानुवर्षे कोकणच्या रेल्वेसाठी झगडत होते ते काही मंगळूरच्या प्रवाशासाठी नव्हे. जमिनी गेल्या त्या याच गावांच्या. आमच्या घराची पाणथळ भातशेती या मार्गात गेली तेव्हा माझे आजोबा मोबदल्यापेक्षा जास्त वेळ एकच गोष्ट विचारत होते, गाडी थांबणार कुठे. त्यांना मिळालेले उत्तर पॅसेंजरचे होते. सार्वजनिक पैशाने आणि लोकांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या मार्गावर त्या लोकांची गाडी ही मेहेरबानी ठरत नाही, ती त्या व्यवहारातली बाकी आहे.

शिवाय तोटा मोजण्याची पद्धत तपासून पाहावी लागते. ब्रिटनमध्ये १९६३मध्ये डॉ. रिचर्ड बीचिंग यांनी रेल्वेच्या फेररचनेचा अहवाल दिला. देशाच्या मार्गांपैकी एक तृतीयांश मार्गांवर जेमतेम एक टक्का प्रवासी वाहतूक होते असे दाखवून त्यांनी दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली. हिशेब काटेकोर होता. त्यामागचे गृहीतक असे की शाखा बंद झाली तरी प्रवासी जवळच्या मोठ्या स्थानकापर्यंत मोटारीने येतील आणि तिथून रेल्वेच पकडतील. तसे झाले नाही. घरातून एकदा मोटार बाहेर काढली की माणूस ती स्थानकात उभी करून गाडीत कशाला बसेल? तो सरळ मोटारीनेच पुढे गेला, आणि शाखांबरोबर मुख्य मार्गांनीही प्रवासी गमावले. स्कॉटलंडमध्ये एडिंबराहून दक्षिणेकडच्या सीमाभागात जाणारा मार्ग जानेवारी १९६९मध्ये बंद केला. सप्टेंबर २०१५मध्ये त्याचा सुमारे ४८ किलोमीटरचा भाग नव्याने बांधून पुन्हा सुरू करावा लागला. आणखी एक गोष्ट त्या देशाकडून घेण्यासारखी आहे. गाडी बंद करण्यापूर्वी तिथे स्थानिक लोकांना आपल्या होणाऱ्या हालअपेष्टांबद्दल हरकत नोंदवता येत असे आणि ती ऐकून घेणारी समिती असे. त्या हरकतींना न जुमानता पुष्कळ मार्ग बंद झाले हे खरे, पण निदान निर्णयाची कारणे कागदावर आली. आपल्याकडे गाडी दिव्याला अडवायला कुणासमोर उभे राहावे लागले?

हा धडा शिकायला इंग्लंडला जायचीही गरज नाही. आपल्याच किनाऱ्यावर बोटीचे काय झाले ते आठवावे. मुंबईहून सुटलेली आगबोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीपर्यंत जाई. पावसाळ्यात ती बंद असे, धक्का नसलेल्या बंदरात पडावात उतरून किनारा गाठावा लागे, उलट्यांनी जीव नकोसा होई. जुलै १९४७मध्ये रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, तरी कोकणी माणसाने बोट सोडली नाही, कारण तीच त्याची वाट होती. पुढे रस्ते झाले, एसटी आली आणि बोट बंद झाली. १९९४मध्ये वेगवान कॅटामरान आली तीही टिकली नाही. तेव्हाही, रस्ता आहे, मग बोट कशाला, हे म्हणणे बिनतोड वाटले असणार. परिणाम काय झाला ते मालवण-देवगडच्या माणसाला विचारा. ज्याच्या दारात मुंबईची बोट लागत होती तो आज मुंबईला जायचे तर आधी कुडाळला किंवा कणकवलीला जातो, कारण रेल्वे किनाऱ्यापासून आत आहे. बंदरे शहरांपासून तुटली आणि आपण त्याला प्रगती समजलो. एका वाहतुकीऐवजी दुसरी मिळेल हे आश्वासन दरवेळी नकाशाकडे पाहून दिले जाते. नकाशावर अंतर दिसते. पहाटे चारला स्टेशनवर पोचवणारे वाहन मिळते की नाही, हे दिसत नाही.

रस्त्याच्या पर्यायाबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण त्यावर कोकणात कुणाला काही समजावून सांगायला नको. मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचे काम २०११मध्ये सुरू झाले. त्या वर्षी पहिलीत गेलेली मुले आता नोकरी शोधत आहेत. पण उद्या तो महामार्ग लोण्यासारखा गुळगुळीत झाला, तरी आठ-दहा तास एसटीत बसणे मधुमेही म्हाताऱ्याला, गरोदर बाईला, लहान मूल घेतलेल्या आईला जमत नाही, कारण एसटीत मोरी नसते आणि गाडीत असते. एवढी साधी गोष्ट वेगाच्या चर्चेत कुणी काढत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात २०११मध्ये हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईत, घर सांभाळायला बाया आणि म्हातारी गावात, असा हा जिल्हा. पॅसेंजरच्या डब्यात बसून पाहा, बहुसंख्य तीच माणसे दिसतील.

“प्रवासीच कमी झाले” हा युक्तिवाद मला सर्वांत कच्चा वाटतो, आणि तो खोडून काढायला गणपतीचे दहा दिवस पुरेसे आहेत. २०२५च्या गणेशोत्सवासाठी रेल्वेने विशेष गाड्यांच्या ३८० फेऱ्या जाहीर केल्या. त्या काळात दिवा ते चिपळूण अशी मेमू गाडीही धावते, लहान स्थानकांवर थांबत, आणि भरून धावते. म्हणजे डबे आहेत, विजेचा मार्ग आहे, चालक आहेत, प्रवासीही आहेत. यावर रेल्वेचे उत्तर असे असू शकते की उत्सवात सगळी यंत्रणा ताणून, बाकी कामे मागे सारून हे करावे लागते आणि वर्षभर तसा ताण सोसणार नाही. मान्य. तीनशे ऐंशी फेऱ्या वर्षभर कुणी मागतच नाही. रोज एक मेमू, चिपळूणहून पहाटे पनवेलकडे आणि संध्याकाळी परत, एवढी मागणी आहे. माणगावच्या कॉलेजात जाणारी मुलगी, खेडच्या बाजाराला जाणारा भाजीवाला, पनवेलच्या दवाखान्यात महिन्याला तपासणीसाठी जाणारा रुग्ण यांचा दिवस अशा गाडीवर उभा राहू शकतो. मग कदाचित प्रत्येकाला मुंबईत खोली घ्यावी लागणार नाही, गाव इतक्या वेगाने रिकामे होणार नाही. हे ‘कदाचित’ मी जाणीवपूर्वक लिहिले आहे. गाडीने गाव वाचते असा दावा करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण गाडी गेल्यावर गाव टिकल्याचे उदाहरण तरी कुठे आहे?

थांब्यांविषयी एक गोष्ट तर खर्चाशिवाय करता येण्यासारखी आहे. मार्गाची क्षमता वाढवण्यासाठी अलीकडच्या वर्षांत कडवई, कळंबणी, खारेपाटण रोड अशी नवी क्रॉसिंग स्थानके झाली. तिथे लांबच्या गाड्या समोरच्या गाडीसाठी पाच-पाच, दहा-दहा मिनिटे उभ्या राहतात. दारे उघडी, खाली फलाट आहे, समोर गाव आहे, पण वेळापत्रकात थांबा नाही म्हणून तिकीट नाही. जी गाडी थांबलेलीच आहे तिच्यात चार माणसांना चढू द्यायला किती मिनिटे लागतात? याला सुरक्षिततेचे आणि शिस्तीचे उत्तर दिले जाते: क्रॉसिंग रोज त्याच स्थानकात होईल याची खात्री नसते, म्हणून तो थांबा जाहीर करता येत नाही. उत्तर अर्धे खरे आहे. वेळापत्रकात ठरलेल्या क्रॉसिंग बहुतेक दिवस त्याच जागी होतात; त्यातल्या दोन-चार तरी अधिकृत थांबे करून पाहायला हरकत नसावी. कल्पकता अंगी नाही असेही नाही. ट्रक मालगाडीवर चढवून नेण्याची रो-रो सेवा कोकण रेल्वेने १९९९मध्ये सुरू केली आणि ऑगस्ट २०२५मध्ये कोलाड ते वेर्णा अशी खासगी मोटारींसाठीही तशी सेवा सुरू झाली, मोटारीमागे ७,८७५ रुपये. ज्या मार्गावर मोटार स्वतःच्या चाकांवर न चालता गोव्याला जाऊ शकते, त्या मार्गावर आजींच्या फणसासाठी दादरपर्यंतची जागा नाही, हे मला काही केल्या पटत नाही.

आता तर वेळही थोडाच उरला आहे. कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्यास महाराष्ट्राने २०२५मध्ये संमती दिली. विलीनीकरणाचे फायदे आहेत. दुहेरीकरणासाठी लागणारा पैसा छोट्या महामंडळाला उभा करणे अवघड होते, तो रेल्वेच्या अर्थसंकल्पातून येऊ शकेल. पण २२ टक्क्यांच्या भागीदाराचा टेबलावरचा आवाज त्याबरोबर जातो. संमती देताना राज्याच्या ज्या अटी जाहीर झाल्या, त्यांत मार्गाचे ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम राहावे आणि राज्याने गुंतवलेले पैसे परत मिळावेत, या दोन प्रमुख होत्या. नावाचा अभिमान मलाही आहे, पैसे परत मागण्यात गैर काही नाही. परंतु त्याच कागदावर तिसरी ओळ हवी होती: रोह्याच्या पुढे दिवसाकाठी किती संथ गाड्या, कोणत्या वेळी, कोणत्या थांब्यांवर थांबतील, त्यांना किती वेळापेक्षा जास्त क्रॉसिंगला टाकता येणार नाही, आणि त्यांतली एखादी गाडी तोडायची किंवा तिचे टोक बदलायचे झाल्यास त्या थांब्यांवर आधी सुनावणी होईल. करार पूर्ण होईपर्यंत ती ओळ अजूनही घालता येते. दादरच्या फलाटावर घोषणा देणाऱ्यांनी एकदा मंत्रालयाच्या पायऱ्या चढून या ओळीविषयी विचारावे.